वसईची लॅटिन अमेरिकन

समस्त मराठी जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की वसई तालुका हा लॅटिन अमेरिकेचा भाग आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका कलासंग्रहालयाने ही गोष्ट चार महिने लेखी स्वरूपात मान्य केली होती. त्या कागदावर तीन सह्या होत्या आणि बैठकीचं इतिवृत्त खुद्द अस्मादिकांच्या हस्ताक्षरात आहे. भूगोलाच्या शिक्षकांनी कृपया नोंद घ्यावी.

हा पराक्रम रोझालिना घोन्साल्विस यांचा. आम्ही त्यांना रोझीताई म्हणायचो. नवरा पोर्ट केंबलाच्या पोलादाच्या कारखान्यात फिटर म्हणून आला, त्याच्यामागून या वॉलॉंगॉंगला आल्या. एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्यांनी आयुष्य काढलं. नवरा गेला, नोकरी संपली, आणि घरी बसून स्वतःच्या भिंतीकडे बघण्यापेक्षा दुसऱ्याच्या भिंतींकडे बघावं म्हणून त्या संग्रहालयात स्वयंसेवक झाल्या. दालन क्रमांक तीन, कोपऱ्यातली खुर्ची, मांडीवर काळी पर्स. पर्समध्ये रोझरी, आल्याच्या वड्या आणि नवऱ्याचा स्क्रू ड्रायव्हर. एखाद्या प्रेक्षकाने चित्रापुढे उभं राहून अगदी व्याकूळ स्वरात विचारलं, की यातून कलाकाराला काय म्हणायचं असेल, तर रोझीताई शांतपणे सांगायच्या की ते काही मला माहीत नाही, पण डावीकडचा स्क्रू ढिला आहे.

त्यांचा एक नियम होता. विचारलं नाही तर सांगायचं नाही, आणि विचारलं तर काही लपवायचं नाही. ऐकायला किती साधा वाटतो. पण मी सांगतो, हा निव्वळ दारूगोळा आहे.

माझ्यावर तो पहिल्याच महिन्यात फुटला. मीही तिथे रविवारी स्वयंसेवक म्हणून जायचो, तेही कलेच्या ओढीने नव्हे. बायको म्हणाली होती की आठवडाभर तू युनिव्हर्सिटीत बोलतोस, रविवारी घरात बोलतोस, तर एखादा दिवस अशा ठिकाणी जा जिथे गप्प बसणं हेच काम आहे. तर गेलो. रोझीताईंच्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं आणि माझ्या पुणेरी बुद्धीने तत्काळ निकाल दिला: ब्राझीलची असणार. तीन रविवार मी त्यांच्याशी सावकाश, हातवारे करून इंग्रजी बोललो. मधल्या वेळात त्यांच्यादेखत बायकोला फोन करून मराठीत सांगितलं की इथे एक म्हातारी आहे, ती डोळे उघडे ठेवून झोपते.

चौथ्या रविवारी त्यांनी मला आल्याची वडी दिली आणि म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवून मासा झोपतो, पुणेकर. मी वसईची."

त्यानंतर त्यांनी मला कधीच नावाने हाक मारली नाही. मी 'पुणेकर' तो 'पुणेकर'च. तुम्ही आधी बोलला का नाहीत, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी दालनात चप्पल घालून झोपलोय. तू कुठे विचारलंस, एवढंच म्हणाल्या. शिवाय त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध निघालं. मी 'टेन्शन घेऊ नका' म्हटलं की त्या 'चिंता करू नये' म्हणायच्या. पुण्याच्या माणसाने हे कुणाला सांगायचं?

नियमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा अनुभव सिडनीच्या विमानतळाला आला. रोझीताई वसईहून परतत होत्या, मी त्यांना घ्यायला गेलो होतो. बॅग तपासणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने बिचाऱ्याने एक साधा प्रश्न विचारला: खाण्याचं काही आहे का? त्याची कल्पना असावी की 'हो' किंवा 'नाही' असं काहीतरी उत्तर येईल. रोझीताईंनी आधी सुकेळी काढली. मग ती राजेळी केळ्यांचीच का करायची, दुसरी का चालत नाहीत, सोलायची कधी, उन्हात किती दिवस ठेवायची, पाऊस आला तर कोणी धावत जाऊन आत आणायची, आणि धाकट्या जावेची सुकेळी दरवर्षी का बिघडते, हे सगळं सांगितलं. मग मसाला काढला. मसाल्यात अठ्ठावीस जिन्नस होते. बाहेर मी पार्किंगचं मीटर आणि रक्तदाब दोन्ही वाढताना पाहत होतो. शेवटी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्यामागे तो अधिकारी स्वतः ट्रॉली ढकलत होता. बहुधा त्या परत फिरू नयेत म्हणून.

तर अशा या बाई. आणि त्यांच्या वाट्याला आलं ते प्रदर्शन.

लॅटिन अमेरिकेत मुळं असलेल्या आणि जगभर पांगलेल्या कलाकारांचं सामूहिक प्रदर्शन. नाव इतकं लांब होतं की पोस्टरवर चित्राला जागा उरली नाही. एका दालनात छतापासून जमिनीपर्यंत मक्याच्या दाण्यांचे दोरे. दुसऱ्यात एक रिकामा फ्रिज, जो ठरावीक वेळाने उघडायचा आणि उसासा टाकायचा. तिसऱ्यात, म्हणजे रोझीताईंच्या दालनात, एक बाई समुद्रकिनाऱ्यावर उलटी चालते असा पाऊण तासाचा व्हिडिओ. उद्घाटनाआधी चाचणी म्हणून तो सतत चालू असायचा. रोझीताईंनी तो दिवसातून आठ वेळा पाहिला आणि त्यांचं मत विचारलं तेव्हा म्हणाल्या की बाई चांगली आहे, पण तिला कोणीतरी सांगायला हवं की मागे खड्डा आहे. पुढे कळलं की तो खड्डा हाच त्या कलाकृतीचा विषय होता. पंधरा पानांच्या कॅटलॉगला जे जमलं नव्हतं ते या बाईंनी एका वाक्यात केलं, पण त्यांना मानधन नव्हतं.

प्रदर्शनाची क्युरेटर टेगन. पोरगी वाईट मुळीच नव्हती. वाईट असती तर मला लिहायला किती सोपं गेलं असतं! ती कष्टाळू होती, प्रेमळ होती, आणि कोणाच्या भावना दुखावतील या भीतीने अर्धमेली झालेली होती. संग्रहालयात नुकतंच एक प्रशिक्षण झालं होतं आणि त्यातून नियम निघाला होता की कोणालाही 'तू मूळचा कुठला?' असं विचारायचं नाही. ज्याने त्याने फॉर्मवर स्वतःहून लिहायचं. नियम चांगलाच आहे. टॅक्सीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना हे उत्तर देऊन माझा स्वतःचा घसा बसलेला आहे. फक्त अडचण अशी झाली की टेगनला लॅटिन अमेरिकन समाजातल्या तीन वडीलधाऱ्यांची सल्लागार समिती नेमायची होती. विचारायची तर बंदी. मग तिने काय केलं? स्वयंसेवकांची यादी घेतली आणि आडनावं वाचली.

घोन्साल्विस. फर्नांडो. सांतोस.

पत्र आलं तेव्हा रोझीताईंनी मला विचारलं की एल्डर म्हणजे काय. मी म्हटलं, वडीलधारी व्यक्ती. "मग आहे की मी," म्हणाल्या. पण तिसऱ्या पानावर कुठल्या समाजाच्या वडीलधाऱ्या ते लिहिलेलं होतं. ते वाचल्यावर त्यांनी पत्र नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं. सोमवारी जाऊन नकार कळवणार होत्या.

रविवारी चर्चनंतर त्या मार्ताकडे चहाला गेल्या, आणि सोमवार बदलला.

मार्ता ही त्यांची इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली जोडीदारीण. दोघींनी शेजारी शेजारी उभं राहून इतके बटाटे सोलले होते की त्यांच्या मैत्रीला सालंच उरली नव्हती. मार्ता चिलीची. तरुणपणी पळून इथे आली, कारखान्यातल्या एका पोलिश वेल्डरशी लग्न केलं आणि मार्ता कोवाल्स्की झाली. तिने या प्रदर्शनासाठी एक कापड पाठवलं होतं. तिकडच्या बायका चिंध्यांचे तुकडे शिवून चित्रं करायच्या, तसं. डोंगर, गल्ली, नळावर बायकांची रांग आणि एका दारात निळ्या शर्टातला माणूस. तो शर्ट खरा होता. म्हणजे शर्टाचा तुकडा. लष्करी राजवटीत तिचा भाऊ एका सकाळी कामावर गेला आणि परत आला नाही. ना प्रेत, ना थडगं, ना कुणी सांगितलेली तारीख. दुसरा शर्ट घरी वाळत होता, तेवढा उरला.

संग्रहालयाने कापड परत पाठवलं. सोबत अतिशय गोड पत्र होतं. हे प्रदर्शन लॅटिन अमेरिकन वारशाचं असून पुढल्या वर्षी युरोपीय स्थलांतरितांचं होईल, त्यात आपण जरूर भाग घ्यावा. आडनाव कोवाल्स्की! आणि फॉर्मवरच्या वारशाच्या चौकटीत मार्ताने लिहिलं होतं 'पोर्ट केंबला'. रोझीताईंनी तिला सांगून पाहिलं की बाई, देशाचं नाव लिही आणि परत पाठव. मार्ता म्हणाली, ज्यांनी त्याला नेलं त्यांचं नाव मी कागदावर लिहिणार नाही.

हे मला रोझीताईंनी ट्रेनमध्ये सांगितलं, बटाट्याचा भाव सांगावा तशा आवाजात. खिडकीबाहेर समुद्र होता, त्या तिकडे बघत नव्हत्या.

"तिला एकदाच बघायचंय रे," म्हणाल्या. "लोक त्याच्यासमोर उभे राहिलेले."

समितीला अधिकार एकच होता: फॉर्म काहीही म्हणो, तिघा वडीलधाऱ्यांनी सह्या करून हमी दिली तर समाजातली एक कलाकृती प्रदर्शनात घेता येईल. रोझीताई सोमवारी गेल्या, पण होकार कळवायला.

बैठकीला मी इतिवृत्त लिहायला होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. टेबलाभोवती तिघं. मिस्टर फर्नांडो म्हणजे निवृत्त सर्व्हेयर, टाय लावलेले, कमालीचे नम्र. कोरा सांतोस म्हणजे नर्स, हसतमुख, सारखी कॅटलॉग चाळणारी. दोघंही रोझीताईंकडे अशा आदराने बघत होते की मला वाटलं, आता उठून पाया पडतात. कुठलाही विषय निघाला की फर्नांडो म्हणायचे, यावर मिसेस घोन्साल्विस अधिकाराने बोलू शकतील. कोरा म्हणायची, अगदी, मी तर फार लहानपणी तिकडून निघाले. तिकडून म्हणजे कुठून, ते टेगन नियमानुसार विचारू शकत नव्हती.

मग जेवणाची सुट्टी झाली. फर्नांडोंनी डबा उघडला. त्यात शेवयांच्या चकत्या आणि नारळाचं लालभडक तिखट होतं. वास आला आणि मी रोझीताईंकडे पाहिलं, रोझीताईंनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस श्रीलंकेचा होता. इतक्यात कोराने आईला फोन लावला आणि ती जी भाषा बोलू लागली ती मला पाठ होती, कारण आमच्या शेजारचं फिलिपिनो कुटुंब रोज त्याच भाषेत भांडायचं.

वाचकहो, चित्र डोळ्यांपुढे आणा. लॅटिन अमेरिकेचं भवितव्य ठरवायला श्रीलंकेतलं नेगोंबो, फिलिपीन्समधलं बटांगस आणि आपली वसई एकत्र बसले आहेत. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोक चार-पाचशे वर्षांपूर्वी ज्या ज्या बंदरात उतरले तिथे तिथे आडनावं विसरून गेले, आणि ती गोळा करून टेगनने समिती बनवली आहे. प्रत्येक जण मनात म्हणतोय की फक्त मीच तोतया, हे दोघं खरे. आणि संपूर्ण इमारतीत जी एकमेव अस्सल लॅटिन अमेरिकन आहे ती युरोपीय गठ्ठ्यात, एका लिफाफ्यात, फोटोच्या रूपाने पडलेली आहे.

रोझीताईंनी जेवण संपवलं, डबा पुसला, आणि टेगनला विचारलं की त्या दुसऱ्या गठ्ठ्यात काय आहे. त्यातून मार्ताच्या कापडाचा फोटो काढून टेबलावर ठेवला. हे लावायचं, म्हणाल्या. टेगनने चाचरत विचारलं की ही शैली आपल्या समाजातली आहे अशी समितीची खात्री आहे का.

"ही बाई मला पस्तीस वर्षं माहीत आहे," रोझीताई म्हणाल्या. "कापड तिकडचंच आहे."

दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी. फर्नांडोंनी लगेच सही केली, कारण तोंड उघडावं लागलं नाही. कोराने सही करता करता अश्रू पुसले, बहुधा सुटकेचे. कापड दारासमोरच्या मोठ्या भिंतीवर लागलं, मानाच्या जागी, चांगलं उंचावर.

यापुढे रोझीताई खूश असायला हव्या होत्या. पण उद्घाटन जवळ येत गेलं तशा त्या बिघडत गेल्या. स्क्रू तपासेनात, आल्याच्या वड्या वाटेनात. एकदा म्हणाल्या, मी कन्फेशनला गेले होते. फादरनी विचारलं खोटं बोललीस का, मी म्हटलं नाही. पुढचं त्यांनी काही विचारलं नाही. मी म्हटलं, मग झालं तर, तुमच्या नियमात बसलं. मग म्हणाल्या, बसलं रे, पण या वेळी बरं नाही वाटलं.

शनिवारी दुपारी उद्घाटन. चीजचे तुकडे, द्राक्षं, काळ्या कपड्यांतले कलाकार. मार्ता दारापाशी, नवऱ्याचा हात धरून, केस विंचरून आलेली. कापडासमोर खरंच गर्दी होती. लोक उभे राहत होते, जवळ जाऊन शर्टाकडे बघत होते. ती त्यांच्या पाठींकडे बघत होती.

टेगनने भाषण केलं. भाषण छानच होतं, त्यात 'घर' हा शब्द सतरा वेळा आला. मग तिने माइक रोझीताईंच्या हातात दिला आणि त्या भावनेच्या भरात, चार महिन्यांत पहिल्यांदाच, तिच्याकडून नियम मोडला. ती म्हणाली, रोझालिना, आम्हाला सांग ना, तू कुठून आलीस?

माझ्या हातातलं द्राक्ष हातातच राहिलं. मला हिशोब स्वच्छ दिसत होता. खरं बोलल्या तर हमीचा कागद खोटा, आणि कागद खोटा तर कापड खाली. गोलमाल काहीतरी बोलायचं, 'दूरच्या किनाऱ्यावरून' वगैरे. टाळ्या पडल्या असत्या. मी मान हलवून खुणावत होतो. रोझीताईंनी माझ्याकडे नाही, मार्ताकडे पाहिलं. मार्ताने हळूच डोळे मिटले आणि उघडले. हो म्हणाली की नको म्हणाली, ते त्या दोघींनाच माहीत.

"वसईहून," रोझीताई म्हणाल्या. "मुंबईच्या उत्तरेला. इंडिया."

आणि विचारलंच आहे म्हटल्यावर सगळं सांगितलं. केळीच्या वाड्या, पानवेली, पोर्तुगीजांचा किल्ला, चर्च, आडनाव कसं आलं, कोणी दिलं, देताना आमच्या पणजोबांच्या पणजोबांना विचारलं होतं का. सहा-सात मिनिटं. मग कोराने "मी फिलिपीन्सची" असं म्हटलं आणि मटकन खुर्चीत बसली. मागून, खांबाआडून, मिस्टर फर्नांडोंचा आवाज आला की श्रीलंका, माफ करा.

टेगनचा चेहरा भिंतीसारखा झाला. तिला ओरडायचं नव्हतं, ती पोरगी ओरडणारी नव्हतीच. तिने फक्त हळू आवाजात म्हटलं की मग ती हमी, ते कापड, मला नियमाप्रमाणे...

"कागद खोटा आहे, तो फाड," रोझीताई म्हणाल्या. "कापड काढायच्या आधी मात्र तिला विचार. फॉर्मवर नको. तिच्यासमोर उभी राहून विचार."

त्यांनी माइक टेबलावर ठेवला, छातीवरचा स्वयंसेवकाचा बिल्ला काढून त्याच्या शेजारी ठेवला, आणि दालन क्रमांक तीनमध्ये जाऊन आपल्या खुर्चीवर बसल्या. मी दारातून पाहिलं. पर्स मांडीवर होती, पाठ ताठ होती, समोरच्या पडद्यावर ती बाई उलटी चालत होती, आणि रोझीताई पडद्याकडे न बघता बाहेर काय होतंय ते कान देऊन ऐकत होत्या. त्या खुर्चीवर मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. पुढच्या महिन्यात त्या सिडनीत, मुलीकडे क्वेकर्स हिलला राहायला गेल्या.

बाहेर टेगन सगळ्यांसमोरून चालत मार्ताजवळ गेली. काय विचारावं ते तिला सुचेना. शेवटी तिने भिंतीकडे बोट केलं आणि विचारलं, तो निळ्या शर्टातला कोण आहे? सगळ्या गर्दीने माना वर करून तिकडे पाहिलं. मार्तानेही पाहिलं. आणि तिच्या तोंडून एकदम निघून गेलं, "माझा भाऊ. त्याला जरा खाली घ्या हो, तो बुटका होता."